दिवा फुकट, पण उघडायचा कसा?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर आली की आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात सगळ्यांना एकदम आठवतं की घरातला मिक्सर शिगम्यापासून बंद पडलाय, गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीवर सोडायच्या लाइटच्या माळा अर्ध्याच पेटतायत आणि भजनाचा अ‍ॅम्प्लिफायर नुसता घुंऽऽ करतोय. माझं दुरुस्तीचं दुकान दहा बाय बाराचं, त्यात मी, एक मदतनीस पोरगा आणि हे सगळं सामान, त्यामुळे गिऱ्हाइकं बाहेर पायरीवर. त्या गर्दीत दोन वर्षांपूर्वी एक आजी उभी होती, चोर्ला घाटाच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यावरची, सकाळच्या कदंबाने, म्हणजे सरकारी बसने, आलेली आणि दुपारची कदंबा चुकली तर चालतच जायचं अशा हिशोबाने घाई करणारी. तिने पिशवीतून एक सोलर कंदील काढून काउंटरवर ठेवला.

"पुता, हा पेटना. घरात असले तीन हायत."

कंदिलावर एका कंपनीचा स्टिकर होता, खाली मोठ्या अक्षरात 'विक्रीसाठी नाही'. मला तो कार्यक्रम आठवत होता कारण त्याचा फोटो पेपरात आला होता, शाळेचा व्हरांडा, मागे बॅनर, पुढे चाळीस कंदील आणि ते घेऊन उभी असलेली, हसू का नको अशा चेहऱ्याची माणसं. नाव घेत नाही. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, दिवे पण तसे बरे होते, पहिल्या वर्षी पोरांनी त्या उजेडात अभ्यास केला हे पण खरं.

तर मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कंदील उलटा केला, तर खाली स्क्रूच नाही. बाजूला बघितलं, नाही. रबराची टोपी उचकटून बघितली, तिथेपण नाही. दोन तुकडे कारखान्यातच कायमचे चिकटवलेले. म्हणजे ज्याने हा बनवला त्याने ठरवूनच टाकलं होतं की हा परत कधी कोणी उघडणार नाही! शेवटी हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेऊन कडेने कापला, वीस मिनिटं गेली, पायरीवरची गिऱ्हाइकं वैतागली.

आत काय होतं? एक छोटा बोर्ड आणि एक १८६५० सेल. हा सेल म्हणजे काही विशेष नाही, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून त्याचं नाव तसं, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच सहा-सहा असतात, पॉवर बँकमध्ये पण असतात. मीटर लावला तर ०.७ व्होल्ट. लिथियमचा सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली उतरला की आतून बिघडायला लागतो, म्हणून चांगल्या दिव्यात एक कटऑफ असतो, सेल उतरला की दिवा आपोआप बंद. या बोर्डावर तो नव्हता, पाच-दहा रुपये वाचवले असतील. आता आमच्याकडचा पाऊस बघा, गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटर आणि वाळपईच्या बाजूला त्याहून जास्त, जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पॅनलला ऊन नाही, दिवा मात्र रोज चालू, सेल तळाला गेला आणि तिथेच राहिला. वरून दमट हवेने कॉन्टॅक्टवर हिरवा गंज चढलेला. एवढंच कारण. जुन्या लॅपटॉपचा एक बरा सेल काढून बसवला, बाजारात मिळतो तो छोटा चार्जिंग बोर्ड कटऑफवाला लावला, दोन तुकड्यांना चार भोकं पाडून स्क्रू मारले. आजीकडून पन्नास रुपये घेतले, तिने चाळीसच दिले.

बाकीच्यांच्या कंदिलांचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली एकाच्या काचेत आता मीठ ठेवतात, एकाचा पोरांनी गाडा केला, उरलेले माळ्यावर. दोन पावसाळ्यांत चाळीसच्या चाळीस.

मी त्या रात्री झोपलो नाही वगैरे काही नाही, नीट झोपलो, चवथ होती, दमलो होतो. पण तो चिकटवलेला डबा डोक्यात राहिला. तेव्हापासून कोणी गरिबांसाठी स्वस्त काहीतरी बनवलं म्हणून बातमी आली की मी आधी एकच बघतो, हे बिघडल्यावर कोण उघडणार. किंमत नंतर.

कंपनी कायद्यात २०१३ साली आलं की मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, त्यामुळे दिवे, टॅब, पाण्याचे फिल्टर असं खूप सामान गावागावात आलं. यायलाच पाहिजे. पण हे पैसे मार्चच्या आत खर्च करायची घाई असते, आणि दिवा बिघडतो पुढच्या जुलैत. जुलैचे पैसे कोणाच्या खात्यात नसतात.

हरीश हांडे हे नाव मला उशिरा कळलं, आपल्या शेजारच्या कर्नाटकातलंच काम त्यांचं. आयआयटी खरगपूर, मग अमेरिकेत सोलरवर पीएचडी, तिथून डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गेले आणि बघितलं की गरीब माणसं स्वतःचे पैसे देऊन सोलर वापरतायत. १९९५ मध्ये त्यांनी नेव्हिल विल्यम्सबरोबर सेल्को सुरू केली, २०११ ला मॅगसेसे मिळाला. त्यांचा एक किस्सा सगळीकडे सांगतात, रस्त्यावर माल विकणारी एक बाई त्यांना म्हणाली की महिन्याला ३०० रुपये मला जड जातील पण दिवसाला १० रुपये देऊ शकते. शिकलेला माणूस म्हणेल दोन्ही एकच की. एकच कसं असेल? आमच्या बाजारातल्या मासे विकणाऱ्या नुस्तेकान्नीला विचारा, सकाळी टोपली घेऊन बसली की संध्याकाळी हातात जे पडतं ते त्याच दिवसाचं, महिना नावाची गोष्ट तिच्या हिशोबात येतच नाही. आपल्याकडे पिग्मीवाला रोज दुकानात येऊन पन्नास-शंभर घेऊन जातो ना, तेच डोकं. ही पिग्मी पण तिकडचीच, सिंडिकेट बँकवाल्यांनी १९२८ मध्ये काढलेली, रोजच्या कमाईतून रोज थोडे. तर हांडे फुकट दिवे वाटत बसले नाहीत, त्यांनी ग्रामीण बँकांच्या मॅनेजरांना समजावलं की या लोकांना सोलरसाठी कर्ज द्या, हप्ता त्यांच्या कमाईच्या पद्धतीने ठेवा, आणि मुख्य म्हणजे जवळपास सर्व्हिस सेंटर ठेवलं. हप्ता चालू असेपर्यंत गिऱ्हाईक भांडायला येणार, आणि भांडायला येणार म्हणून माणूस दुरुस्तीला जाणार. फुकटच्या दिव्यावर भांडायला कोण येतं? आजी दोन वर्षं गप्प होती.

मी दुकानदार आहे म्हणून मला हे पटतं असं कोणी म्हणेल तर म्हणू दे.

दुसरं नाव तिलोनियाचं. राजस्थानात अजमेरच्या बाजूला, बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलं, बेअरफूट कॉलेज म्हणतात त्याला. तिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना, त्यातही आज्यांना, सहा महिन्यांत सोलर दिव्याचं सर्किट जोडायला शिकवतात, आफ्रिकेतल्या कुठल्या कुठल्या देशांतून बायका येतात, एकमेकींची भाषा येत नाही, तर खुणा आणि वायरींचे रंग यांच्यावर शिकवणं. आज्याच का, तर रॉय यांचं म्हणणं की तरुण पोराला सर्टिफिकेट दिलं की तो दुसऱ्या दिवशी शहराची गाडी पकडतो, आजी गाव सोडून जात नाही.

हे वाचून मी एकटाच दुकानात हसलो. माझ्याकडे पंधरा वर्षांत सात पोरगे शिकले. दोघे वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, एक तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी, झाला, एक आखातात, एक पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गोदामात, एकाने ट्रक घेतला तो २०१२ ला खाणी बंद पडल्यावर उभाच राहिला आणि त्याने परत माझ्याकडे येऊन पंख्यांचं वायंडिंग भरायला घेतलं, मग खाणी सुरू झाल्यावर परत ट्रकवर, २०१८ ला परत बंद, तेव्हा लाजेने आलाच नाही. सातवा आत्ताचा, तो पण आयटीआय झाल्यावर जाणार हे मला माहीत आहे आणि त्याने जावंच. मी त्याला अडवणारा कोण. पण गावात कोण राहतं याचं उत्तर तिलोनियावाल्यांनी आधीच काढून ठेवलं होतं आणि मी पंधरा वर्षं पोरगेच शोधत बसलो.

शाळेचा विषय वेगळा पण त्यात पण हेच. २००० नंतरच्या वर्षांत गोव्यात एक भारी गोष्ट झाली होती, आता फार कोणाला आठवत नाही. परदेशातल्या गोंयकारांनी आणि इथल्या काही हौशी लोकांनी मिळून तिकडच्या ऑफिसांतून टाकून दिलेले कॉम्प्युटर इथल्या शाळांना आणले, गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट नाव होतं. त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलेलं, कारण ते फुकट, आणि एक दमदार मशीन सर्व्हर करून बाकीचे जुने डबे त्याला जोडायचे, म्हणजे डब्यात हार्ड डिस्क नसली तरी चालतो, सगळं काम सर्व्हर करतो. मी तेव्हा नुकताच आयटीआय करून बाहेर पडलेलो, एका हायस्कूलमध्ये केबल ओढायला गेलो होतो. पोरांना काय त्या मशीनचं, त्यांना चित्र काढायचा प्रोग्राम मिळाला की खूश. नंतर ज्या शाळेत एखादा सर स्वतः हात काळे करणारा होता तिथे ते डबे बरीच वर्षं चालले. आणि एका शाळेत, नाव नको, एका माउसची वायर तुटली म्हणून लॅबला कुलूप लागलं ते मी स्वतः बघितलंय, कारण माउस रजिस्टरवर होता आणि तुटलेला दाखवायचा तर कोणी तोडला ते लिहावं लागणार. माउस तेव्हा शंभर-दीडशेला यायचा.

मग २०११ मध्ये आकाश टॅब्लेट आला, जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून केवढा गाजावाजा. पहिल्या मॉडेलमध्ये २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दाबावं लागणारी जुन्या पद्धतीची टचस्क्रीन. स्वस्त होताच. पोरांनी काय करावं त्याचं हा प्रश्न मागे राहिला. २०२० च्या लॉकडाउनात तर टॅब असून पण रेंज नव्हती, सत्तरी-सांग्यातली पोरं डोंगरावर चढून, छत्री धरून ऑनलाइन वर्गाला बसायची.

याच्या अगदी उलट माणूस म्हणजे आपले अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरहून १९७५ ला इंजिनियर झाले, पुण्यात टेल्कोत लागले, १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले आणि तिथे गावच्या आठवड्याच्या बाजारात फिरताना सायकलच्या व्हॉल्वची नळी घेऊन आले. त्या नळीचा तुकडा आणि आगपेटीच्या काड्या, एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घनाकृती सगळं. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन वेडावाकडा होतो, म्हणून पुलाला, छपराला त्रिकोण, हे पोराला फळ्यावर न लिहिता कळतं. २०१८ ला पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांनी वेबसाइटवर हजारो पुस्तकं फुकट ठेवलीत, मराठीत पण ढीगभर.

त्यांचीच एक मोटर मी आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शनिवारी करून दाखवतो. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबरबँड, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी. चुंबक जुन्या स्पीकरचा, तार जळलेल्या पंख्याच्या वायंडिंगमधली, काळी न पडलेली बघून घ्यायची, दुकानात पोतंभर पडलेली असते. गंमत अशी की तारेवरचं व्हार्निश एका टोकाचं पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. पूर्ण खरवडलं तर वेटोळी नुसती थरथरते, अर्धं ठेवलं की अर्ध्या फेरीत करंट बंद होतो आणि ती गरगर फिरते. पोरं हमखास पूर्ण खरवडतात. मग "सर, फिरत नाही." मग मी काही सांगत नाही, गप्प बसतो, बाई मला डोळ्यांनी खुणावतात की सांगून टाका घंटा होईल, पण मी सांगत नाही.

एकदा बटणात दोरा ओवून भिरभिरं केलं, दोन्ही हातांनी ओढायचं ते. त्यांना सांगितलं की मनू प्रकाश नावाचा आपलाच एक माणूस अमेरिकेत प्रोफेसर आहे, त्याने २०१७ मध्ये याच भिरभिऱ्यावरून कागदाचं सेंट्रिफ्यूज केलं, मिनिटाला सव्वा लाख फेऱ्या, रक्तातलं पाणी आणि पेशी वेगळ्या होतात, लाइट लागत नाही, खर्च पंधरा रुपयांच्या आसपास. चौथीतली एक पोरगी म्हणाली, "रक्त हाडूं?", म्हणजे आणू का. बाईंनी वर्ग तिथेच संपवला.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, हिंदुस्थान लिव्हरमधली रिसर्चची नोकरी सोडून. तिथे नापास झालेली पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती, पाणी सगळं हाताने करून शिकतात आणि शिकताना गावाची खरी कामं करतात. मला तिथली सगळ्यात आवडलेली गोष्ट ती, खरं काम. खोट्या मॉडेलवर शिकलेल्या पोराला शॉक लागत नाही आणि अक्कल पण येत नाही.

कोइंबतूरच्या मुरुगानंथमचं सगळ्यांना माहीत आहे, सॅनिटरी पॅडचं मशीन, २०१६ ची पद्मश्री, त्यामुळे लांबण लावत नाही. फक्त एवढंच की परदेशी मशीन कोटींच्या घरात असताना त्याने ते काम चार सुट्या पायऱ्यांत तोडलं, लगदा सैल करा, दाबा, गुंडाळा, निर्जंतुक करा, आणि प्रत्येक पायरीचं मशीन असं की चालवणाऱ्या बाईलाच आतलं सगळं दिसतं. आमच्या डिचोली तालुक्यातल्या बचतगटाच्या बायकांनी पण अशा मशीनवर पॅड केलेत. जयपूर फूटचं पण तसंच, १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी केलेला रबराचा पाय, ज्याच्यावर उकिडवं बसता येतं, चिखलात अनवाणी चालता येतं. विलायती पायाला बूट लागायचा, आमच्या शेतात बूट घालून कोण जातो.

आता परत आजीकडे. कंदील नेल्यावर महिन्याभराने ती उरलेले दोन घेऊन आली, बरोबर शेजारचे चार. मी म्हटलं आजी, मला वेळ नाही, इथे बसा आणि बघा. तेव्हा तिलोनिया डोक्यात होतं असं आता मला वाटतं, पण खरं तर मला खरंच वेळ नव्हता. ती बसली. बाजाराच्या दिवशी यायची, पोरग्याच्या शेजारी स्टुलावर. पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्नची भीती वाटली, मग म्हणाली चुलीतलं लाकूड याहून जास्त तापतं. लाल वायर 'कुंकू', काळी 'काजळ', हे तिचंच. कुंकू वर, काजळ खाली, एकदा पण चुकली नाही, माझा आयटीआयचा पोरगा दोनदा उलटी लावून बोर्ड जाळून बसलाय.

मध्ये दोन-तीन महिने आली नाही. मला वाटलं संपलं. तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, सरकारी, पैसे लागले नाहीत. डोळ्यात बसवायची ती लेन्स पूर्वी शंभर डॉलरच्या घरात बाहेरून यायची, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या लोकांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ती इथेच बनवायला घेतली आणि किंमत पार खाली आणली. हे मी तिला सांगायला लागलो तर म्हणाली ते असू दे, आधी माझे दिवे कुठे ठेवलेस ते बघ.

पैशाचं पण सांगतो, नाही तर कोणी म्हणेल फारच गोड गोष्ट आहे. सेल आणि बोर्ड मी तिला दुकानाच्या भावाने देतो, दहा-पंधरा रुपये सुटतात. ती वाडीवर एका दिव्याचे तीस घेते, उधारी पुष्कळ आहे, एकाने पैशाऐवजी तूप दिलं ते तिने मला आणून दिलं आणि त्याचे पैसे मागितले. महिन्याला चार-पाच दिवे. यावर कोणाचं घर चालत नाही. सुनेला शिकवायला बघते आहे, सून म्हणते मोबाइलचं शिकवा, दिव्याचं नको, आता बहुतेक घरांत वीज आली. सुनेचं बरोबर आहे. पण वीज जाते तेव्हा पावसात दोन-दोन दिवस जाते, आणि तेव्हा सून पण सासूचाच दिवा शोधते.

गेल्या चवथीला ती परत आली, दुकानात तशीच गर्दी. मी घाईत दुरुस्त करून ठेवलेला एक दिवा तिने उचलला, नवीन डोळ्याने जवळ धरून बघितला आणि काउंटरवर परत ठेवला.

"पुता, हो जोड सुको आसा. चार दिवसांत सुटतलो."

पायरीवरची माणसं हसली. मी बघितलं, खरंच कोरडा होता, सोल्डरचा रांगा नुसता वर बसलेला, आत गेलाच नव्हता. आयर्न परत तापत ठेवलं, तर ती म्हणाली सरक, आणि स्वतःच बसली.